पिल्लं दर खेपेला कवचातच मरतात: दोष यंत्राचा, अंड्यांचा की जातीचा?

उबवणी यंत्रात ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्याला सातव्या दिवशी टॉर्च लावला तर लाल शिरांचं जाळं दिसतं. चौदाव्या दिवशी आत वळवळ असते. अठराव्या दिवशी अंडं जवळपास पूर्ण काळं, वर हवेचा कप्पा, सगळं जागच्या जागी. मग एकविसावा, बाविसावा, तेविसावा दिवस जातो. बारापैकी चार-पाच पिल्लं निघतात आणि बाकीची अंडी तशीच पडून राहतात. पुढच्या खेपेला तापमान जरा वाढवून बघितलं जातं, पाणी जरा जास्त ओतलं जातं, आणि निकाल तोच.

या दुखण्याची कारणं पाच-सहा आहेत आणि त्यातली दोन एकमेकांच्या बरोबर उलटी आहेत. आर्द्रता कमी पडली तरी तयार पिल्लू कवचात मरतं, जास्त झाली तरी मरतं. त्यामुळे अंदाजाने पाणी वाढवणं म्हणजे नाव न वाचता गोळी गिळण्यातला प्रकार. कित्येकदा तर यंत्र निर्दोष असतं आणि ती जात, किंवा कळपातला तो एकच कोंबडा, मुळात कमी पिल्लं देणारा असतो. हे आधी वेगळं करायचं, मगच यंत्राला हात लावायचा.

न फुटलेली अंडी उघडून बघा

तेविसावा दिवस संपेपर्यंत थांबा आणि टॉर्चवर हालचाल नाही याची खात्री करा. वास येणारं किंवा कवचावर चिकट थेंब आलेलं अंडं मात्र उघडू नका. ते सडलेलं असतं आणि हातात फुटतं. सरळ पुरून टाका. बाकीची अंडी घराबाहेर, हातमोजे घालून उघडा. बोथट टोकाला चमच्याच्या पाठीने हलके ठोके द्या आणि कवचाची टोपी उचलून काढा. खाली पांढरा पापुद्रा दिसेल. त्याला चोचीचं भोक आहे का ते बघा, मग पापुद्रा बाजूला सारा. डोकं कुठल्या टोकाला आहे? चोच उजव्या पंखाखालून वर, हवेच्या कप्प्याकडे वळलेली आहे का? पिवळा बलक पोटाबाहेर आहे की आत ओढला गेलाय? कवचात पाणी साचलंय का? प्रत्येक अंड्यासमोर वहीत एवढं लिहायचं.

पूर्ण वाढलेलं, ओलंचिंब, मानेमागे सुजलेलं पिल्लू, बलक अर्धवट बाहेर, पापुद्र्याला भोक नाही: अंड्यातलं पाणी पुरेसं उडालेलं नाही. हवेचा कप्पा लहान राहिला आणि पिल्लाला पहिला श्वास घ्यायला जागाच मिळाली नाही. याच्या उलट, कवचाला टोच (पिल्लाने चोचीने पाडलेलं पहिलं भोक) पडलेली, पण पापुद्रा कागदासारखा वाळून पिसांना चिकटलेला, बलक आत गेलेला: शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता कोसळली. बहुतेक वेळा झाकण उघडल्यामुळे.

डोकं निमुळत्या टोकाला असेल तर अंडं उलटं ठेवलं गेलं होतं, किंवा नीट फिरवलं गेलं नाही. पिल्लू लहानखुरं, अंग बाराव्या-तेराव्या दिवसाचं, पिसं गाठाळलेली असतील तर कोंबडीच्या खाद्याकडे बघा. यंत्रात काही सापडणार नाही. आणि नुसती लालसर कडी, तिच्या आत काही नाही, असं असेल तर गर्भ पहिल्या चार-पाच दिवसांतच गेला. साठवण, वाहतूक किंवा सुरुवातीची जास्त उष्णता, या तिघांपैकी एक.

अकाली मरणाचे दोन काळ निसर्गतःच असतात: पहिले तीन-चार दिवस आणि शेवटचे तीन-चार. त्यामुळे बारात एखादं गेलं म्हणून अस्वस्थ व्हायचं कारण नाही. चार-पाच अंड्यांत तेच चित्र दिसलं, तर तो पुरावा.

आर्द्रता आकड्यावर नाही, वजनावर धरा

पहिले अठरा दिवस ४५ ते ५५ टक्के आणि नंतर ६५ ते ७० टक्के, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. चुकीचं नाही, पण स्वस्त आर्द्रतामापक सहज दहा टक्क्यांनी चुकतो. अंडं मात्र खोटं बोलत नाही: अठरा दिवसांत त्याचं वजन साधारण १२ टक्क्यांनी घटलं पाहिजे. ११ ते १३ मधलं काहीही चालेल.

साठ ग्रॅमच्या बारा अंड्यांचं एकत्र वजन ७२० ग्रॅम. १२ टक्के म्हणजे ८६ ग्रॅम, दिवसाला पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. सातव्या दिवशी काटा ६८६ ग्रॅमवर, चौदाव्या दिवशी ६५३ वर आणि अठराव्या दिवशी ६३४ वर हवा. सातव्या दिवशी ७०० दाखवला तर पाणी फार आहे, पात्र रिकामं करा. ६७० दाखवला तर वाढवा. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने सुरुवातीचं वजन लिहून ठेवलं की अफलित अंडी मधेच काढली तरी हिशेब बिघडत नाही. मार्करची शाई कवचातून आत जाते, म्हणून पेन्सिलच.

आता पाण्याबद्दल एक गोष्ट, जी बहुतेकांना दोन-तीन खेपा वाया घालवल्यावरच कळते. पात्रात पाणी किती खोल आहे याने आर्द्रता ठरत नाही, पाण्याचा पृष्ठभाग किती आहे याने ठरते. वाटी काठोकाठ भरली काय नि अर्धी भरली काय, फरक नाही. आर्द्रता वाढवायची तर पसरट ताटली ठेवा किंवा पाण्यात उभा स्पंज लावा. कमी करायची तर लहान तोंडाची वाटी. आणि काहीही झालं तरी आर्द्रता टिकवण्यासाठी हवेची भोकं बुजवू नका. शेवटच्या तीन दिवसांत पिल्लू फुप्फुसाने श्वास घेऊ लागतं आणि त्याची प्राणवायूची गरज सगळ्यात जास्त असते, नेमकी तेव्हाच भोकांवर चिकटपट्टी लावली जाते. टोचून मेलेली, पण कोरडीही नाहीत आणि सुजलेलीही नाहीत अशी पिल्लं सापडली तर पहिला संशय याच चिकटपट्टीवर.

मापक तपासायचा सोपा मार्ग असा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा (मीठ विरघळून संपता कामा नये), आणि मापकासह हवाबंद पिशवीत आठ-दहा तास घरातल्या तापमानाला ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मापक ६८ दाखवत असेल तर सात मिळवून वाचायचं.

तापमान: अर्धा अंश फार असतो

पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस. पंखा नसेल तर गरम हवा वर साचते, म्हणून तापमान अंड्यांच्या वरच्या पातळीला मोजायचं आणि तिथे ३८.६ च्या आसपास ठेवायचं. पंखा नसलेल्या पेटीत तळाशी मोजून ३७.५ ठेवलं की वरून अंडी भाजतात. पंख्याच्या यंत्रात ३८.६ ठेवलं तरी तोच प्रकार.

पिल्लं एकोणीस-विसाव्या दिवशीच निघाली, बारीक, चिकट, बेंबी नीट न मिटलेली, तर तापमान जास्त होतं. बाविसाव्या-तेविसाव्या दिवसापर्यंत रेंगाळली, मोठी, मऊ, सुस्त, तर कमी होतं. काही विसाव्याला, काही तेविसाव्याला असा दोन-तीन दिवसांचा पसारा असेल तर दोन शक्यता: यंत्रात एक कोपरा गरम आणि एक थंड आहे, किंवा काही अंडी दोन दिवसांची आणि काही बारा दिवसांची बसवली होती.

तापमापक तपासायला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर पुरतो, कारण तो नेमका याच पट्ट्यात अचूक असतो. मगभर पाणी ३८ अंशांच्या जवळपास कोमट करा, ढवळा, आणि यंत्राचा सेन्सर आणि थर्मामीटर दोन्ही शेजारीशेजारी बुडवा. फरक येईल तो लिहून ठेवा. मग सेन्सर अंड्यांच्या मध्यावर, पंख्याच्या सरळ झोतापासून दूर बसवा. चारही कोपऱ्यांत प्रत्येकी अर्धा तास ठेवून मोजा. कोपऱ्याकोपऱ्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर पंख्याची दिशा बदला, किंवा निदान अंडी फिरवताना त्यांच्या जागाही बदला.

घरी बनवलेल्या पेट्यांत हमखास सापडणारा दोष डब्ल्यू १२०९ या छोट्या थर्मोस्टॅटच्या सेटिंगमध्ये असतो. नव्या बोर्डात पी-१ म्हणजे चालू-बंदमधलं अंतर २ अंश असतं. म्हणजे ३७.५ वर बल्ब बंद होतो आणि ३५.५ ला पुन्हा लागतो. पी-१ दाबून ०.२ किंवा ०.३ करा. पी-० हीटिंगसाठी एचवर आहे ना तेही बघा, कारण मूळ सेटिंग कूलिंगचं असतं. सेन्सर चुकत असेल तर पी-४ मध्ये दुरुस्ती करता येते. अंतर कमी केल्यावर रिले, म्हणजे बल्ब चालू-बंद करणारा बोर्डावरचा स्विच, सारखा टकटक करतो आणि लवकर झिजतो, तेव्हा दुसरा बोर्ड हाताशी ठेवलेला बरा. मोठ्या बल्बऐवजी दोन लहान बल्ब लावले तर तापमान इतकं उसळत नाही, आणि एक गेला तरी दुसरा चालू असतो.

वीज गेली तर घाबरून काही करू नका. यंत्रावर जाड कापड टाका, भोकं मोकळी ठेवा. दोन-तीन तासांच्या गारव्याने अंडी मरत नाहीत, उबवणी थोडी लांबते इतकंच. उलट दीड-दोन अंश वर गेलेला एक तास त्याहून जास्त नुकसान करतो. म्हणून वीज आल्यावर भरपाई म्हणून तापमान वाढवणं हा शुद्ध वेडेपणा.

फिरवणं आणि झाकण

दिवसातून किमान तीन वेळा, विषम संख्येत, म्हणजे रात्रीची लांब पाळी रोज त्याच बाजूवर येत नाही. पहिला आठवडा सगळ्यात महत्त्वाचा. तेव्हा फिरवण्यात कसूर झाली तर गर्भ पापुद्र्याला चिकटतो आणि परिणाम थेट एकविसाव्या दिवशी दिसतो. अठराव्या दिवशी फिरवणं बंद, पाणी वाढवायचं आणि झाकण लावायचं.

मग झाकण उघडायचं नाही. पहिलं पिल्लू बाहेर येऊन ओरडतंय, इकडे तिकडे लोळतंय, तरी नाही. पोटात ओढलेल्या बलकावर ते दोन दिवस आरामात काढतं. झाकण उघडलं की ओली हवा क्षणात जाते आणि अर्धवट टोचलेल्या शेजारच्या अंड्यातला पापुद्रा वाळतो. पहिली टोच पडल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागतात आणि मधे कित्येक तास पिल्लू काहीच करत नाही. तेव्हा ते रक्त आणि बलक आत ओढून घेत असतं.

चोवीस तास उलटूनही टोच जिथल्या तिथे असेल तरच मदतीचा विचार. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पापुद्रा ओला करा, टोचेभोवतीचं कवच मुगाच्या दाण्याएवढं काढा. रक्ताचा ठिपका दिसला की थांबा, अंडं परत ठेवा, सहा तासांनी बघा. असं वाचवलेल्या पिल्लाच्या पायाला लगेच रंगीत दोरा बांधा. का, ते पुढे येतं.

अर्धी अंडी खुडूक कोंबडीखाली

अंडी उघडून बघूनही उलगडा होत नसेल तर एक चाचणी उरते, आणि ती खात्रीची आहे. एकाच दिवशी, एकाच कळपाची, एकाच वयाची अंडी घ्या. निम्मी यंत्रात, निम्मी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली. कोंबडी रात्री बसवा, अंडी अंधारातच सरकवा, मध्यम आकाराच्या कोंबडीखाली दहा-बारापेक्षा जास्त नकोत. कोंबडीची निघाली आणि यंत्राची नाही, तर यंत्रात दोष. दोन्हीकडे तशीच मेली, तर यंत्र सोडा आणि कळपाकडे वळा.

कळपाकडे वळल्यावर आधी साध्या गोष्टी. अंडी सात दिवसांच्या आतली, १३ ते १८ अंशांत, निमुळतं टोक खाली ठेवून साठवलेली. धुतलेली नकोत. प्रवासातून आलेली अंडी चोवीस तास स्थिर ठेवून मगच बसवायची. त्यातली निम्मी निघाली तरी समाधान मानावं. तलंगांची (नुकत्या अंड्यावर आलेल्या तरुण कोंबड्यांची) पहिली बारीक अंडी बसवू नका, पिल्लू अंड्याच्या दोन-तृतीयांश वजनाचं होतं आणि बारीक पिल्लं टिकत नाहीत. नुसत्या लेअर (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या) खाद्यावर कोंबडी अंडी भरपूर देते, पण गर्भाला लागणारी जीवनसत्त्वं, विशेषतः ब-२, त्यात कमी पडू शकतात. बसवायची अंडी गोळा करण्याआधी किमान तीन आठवडे पैदाशीच्या कोंबड्यांचं खाद्य सुरू करा.

जातीचा दोष आणि जातीची निवड

एकाच ट्रेमध्ये एका जातीची दहातली नऊ निघतात आणि दुसरीची तीन, तेव्हा तापमानाला दोष देऊन उपयोग नाही.

काही जातींत मरण जातीच्या गुणातच बांधलेलं आहे. आखूड पायांच्या जपानी बँटममध्ये (बँटम म्हणजे ठेंगणी कोंबडी) आखूड × आखूड जोडी लावली की चौथा हिस्सा गर्भ कवचातच जातात. एक जोडीदार लांब पायांचा ठेवला की हा तोटा टळतो. कानाजवळ पिसांचे झुपके असलेल्या अरॉकानात झुपक्यांचं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तर पिल्लू सतराव्या ते एकोणिसाव्या दिवसादरम्यान मरतं, अगदी वर वर्णन केलेल्या तक्रारीसारखं. गुलाबतुऱ्याच्या वायंडॉट कोंबड्यात तेच तुऱ्याचं जनुक दुहेरी असेल तर फलन कमी होतं, म्हणून जाणकार कळपात एखादा साध्या तुऱ्याचा पक्षी मुद्दाम ठेवतात. ब्रह्मा, कोचीन यांच्यात शेपटीखालची दाट पिसं आड येतात. ती कातरली की अफलित अंडी निम्म्यावर आलेली दिसू शकतात.

काही ठिकाणी जात दोषी नसते, फक्त तिची गरज वेगळी असते. मारान्सच्या गडद तपकिरी कवचातून पाणी सावकाश उडतं, त्यामुळे साध्या अंड्यांसाठी बरोबर असलेली आर्द्रता त्यांना जास्त होते. टॉर्चवर दिसतही काही नाही, म्हणून तिथे वजनाचा काटा हाच डोळा. बँटमची अंडी एकोणीस-विसाव्या दिवशीच फुटतात. ती मोठ्या जातींबरोबर एकाच दिवशी बसवली तर त्यांच्यासाठी झाकण उघडावं लागतं आणि मोठ्यांचं नुकसान होतं. एक दिवस उशिरा बसवा.

मग ठेवायच्या कोणत्या? सुरुवातीला दोनच जाती, त्याही दिसायला वेगळ्या. पाच जातींचे पाच-पाच पक्षी दिसायला सुंदर, पण त्यातून ना पैदास धड होते ना हिशेब कळतो. नुसती अंडी हवी असतील तर लेगहॉर्न, पण ती खुडूक क्वचितच बसते, म्हणजे यंत्रावर कायमचं अवलंबून. असील, सिल्की, ऑर्पिंग्टन यांच्यापैकी एक-दोन कोंबड्या असल्या तर उबवणीची सोय घरातच होते. असील अंडी कमी देते, हे मात्र गृहीत धरा. बाजारातल्या संकरित लेअरची अंडी फलित करून बसवू नका असं नाही, पण पिल्लं आईसारखी अंडी देतील ही अपेक्षा नको. पुढच्या पिढीत गुण विखुरतात.

घरगुती कळपासाठी एक जोडणी खास सांगण्यासारखी आहे. ऱ्होड आयलंड रेडचा एक कोंबडा, त्याच्याबरोबर ऱ्होड आयलंड रेडच्याच चार कोंबड्या आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉकच्या चार. लाल कोंबड्यांची पिल्लं लालसर निघतात आणि ती शुद्ध असतात. पट्टेरी कोंबड्यांची पिल्लं काळी निघतात, आणि त्यांच्यातल्या नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीच्या नसतो. म्हणजे एकाच कोंबड्यावर दोन जातींची अंडी, आणि काळ्या पिल्लांतले नर-मादी पहिल्याच दिवशी वेगळे. उलटी जोडणी, म्हणजे पट्टेरी कोंबडा आणि लाल कोंबडी, केली तर ही खूण मिळत नाही. काळ्या पिल्लांची पुढची पिढी काढली तरी नाही.

नर निम्मे निघणारच. चार तलंगा हव्या असतील तर बारा अंडी बसवा आणि उरलेल्या चार-पाच नरांचं काय करायचं ते अंडी बसवण्याआधी ठरवा. आठ आठवड्यांनी नाही.

पुढच्या पैदाशीला कोण ठेवायचं यासाठी वहीत कोंबडीगणिक चार रकाने पुरतात: बसवलेली, फलित, आपोआप निघालेली, आठ आठवडे जगलेली. पायात रंगीत दोरा असलेलं, म्हणजे मदतीने बाहेर काढलेलं पिल्लू कितीही देखणं झालं तरी पैदाशीत नको. कवच फोडू न शकणं पुढे उतरण्याची शक्यता असते. कोंबडा निवडताना सगळ्यात जास्त कडक राहा, कारण सगळ्या पिल्लांचा अर्धा वाटा त्याचा.

आणि दर वर्षी पिल्लं थोडी थोडी कमी निघत असतील, यंत्रात काही बदललेलं नसेल, तर भावंडं भावंडांना लागताहेत का ते बघा. लहान बंदिस्त कळपात दोन-तीन पिढ्यांत ते परिणाम कवचातच दिसायला लागतात. त्याच जातीचा, पण वेगळ्या रक्ताचा कोंबडा आणा. जुना कोंबडा काढल्यावरही त्याचं बीज कोंबडीच्या शरीरात दोन आठवडे, कधी त्याहून थोडं जास्त टिकतं, म्हणून नवा सोडल्यापासून तीन आठवडे निघणारी अंडी खायला ठेवा, बसवू नका.